ऑनलाइन वाचकगटासाठी आंबेडकर चरित्र: कीर घ्यावेत की खैरमोडे?

वाचनालयाच्या गटात बाबासाहेबांचं चरित्र वाचायचं ठरलं, की धनंजय कीर की चांगदेव खैरमोडे हा प्रश्न येतोच. एरवी दोन्ही वाचा म्हटलं असतं. पण सभासद कोणी ठाण्यात, कोणी नागपुरात, कोणी न्यू जर्सीत. पडद्यावर मिळणार जेमतेम तासभर. निवड करणं भाग आहे.

कीरांचं काम सुटसुटीत. जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सगळं एका ग्रंथात. फक्त कोणाकडे कुठली आवृत्ती आहे ते आधी विचारा. मूळ इंग्रजी चरित्र १९५४ साली, बाबासाहेब हयात असताना निघालं, त्यामुळे त्या पहिल्या आवृत्तीत १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा असणं शक्यच नाही. मराठी चरित्र १९६६ चं, त्यात ती आहे. कीर गोष्ट रंगवून सांगतात आणि निकालही स्वतःच देऊन टाकतात. वाचायला झकास, पण चर्चेत मग सगळे नुसते माना डोलावतात.

खैरमोड्यांचे बारा खंड. पहिला १९५२ चा. १९७१ मध्ये ते गेले, नंतरचे काही खंड त्यांच्या पश्चात छापले गेले. ते बाबासाहेबांच्या सहवासातले, त्यामुळे पत्रं, भाषणं, आठवणी यांचा साठा अफाट. ओघ मात्र नाही, पुनरुक्ती आहे, आणि पूर्ण संच एकाच वाचनालयात मिळाला तर नशीबच म्हणायचं. पण वाद घालायला खरा ऐवज इथेच आहे.

माझं मत: गटाला कीर द्यावेत, आणि एकाच प्रसंगापुरते खैरमोडे काढावेत. तो प्रसंग महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. तरीही २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाण्यासाठी मोर्चा न्यावा लागला, आणि त्यानंतर सत्याग्रहींना मार खावा लागला. ठराव होता, मग अडलं कुठे? एवढ्या प्रश्नावर अख्खी भेट सहज निघते. दोघा सभासदांनी खैरमोड्यांमधला हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा, बाकीच्यांनी माइक बंद ठेवावा.

गटावर स्कॅन केलेली पीडीएफ फिरवायचा मोह होईल, तो टाळा. दोन्ही लेखकांना जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत, म्हणजे हक्क शाबूत आहेत. हक्कमुक्त चरित्रच हवं असेल तर कृष्णराव अर्जुन केळूसकरांचं १९०६ चं शिवचरित्र घ्या. मॅट्रिक झालेल्या भीमरावाला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट देणारे केळूसकर गुरुजी ते हेच.

झूम फुकटातलं असेल तर चाळीस मिनिटांनी तुटतं, म्हणून दुसरी लिंक तयार ठेवा. आणि बोलताना पान नव्हे, प्रकरण सांगा. "पान एकशे दोन" म्हटलं की ज्याची आवृत्ती वेगळी तो पुढची पाच मिनिटं नुसता चाळत बसतो.