जुना ॲम्प्लिफायर, डीव्हीडी होम थिएटर आणि नवा साउंडबार: पैसे कशात घालावेत?

माळ्यावर पडलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर, पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला डीव्हीडीवाला ५.१ होम थिएटर आणि शोरूममध्ये ओळीने मांडलेले साउंडबार. कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत यातल्या दोन गोष्टी आधीच असतात आणि तिसरी घ्यायचा विचार चाललेला असतो. निकाल आधीच सांगून टाकतो: ॲम्प्लिफायर दुरुस्त करा, होम थिएटर काढून टाका आणि साउंडबार घ्यायचाच असेल तर फक्त टीव्हीपुरता घ्या. वयावर जाऊ नका. १९८५चा ॲम्प्लिफायर आज उभा राहतो आणि २०१२चा होम थिएटर संच राहत नाही. पहिल्यात कुठल्याही काउंटरवर मिळणारे ट्रान्झिस्टर असतात, दुसऱ्यात कंपनीने त्या एका मॉडेलसाठी केलेला बोर्ड.

ॲम्प्लिफायर कितीही दिवसांनी बाहेर काढा, थेट प्लगमध्ये घालू नका. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे वीज बल्बमधून जाऊन मगच ॲम्प्लिफायरला मिळेल. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. बल्ब मंदावला की स्पीकर न जोडता मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. दोन्ही बाजूंना ५० मिलिव्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे. काही व्होल्ट दिसले तर त्या बाजूचं आउटपुट गेलं आहे, आणि अशा अवस्थेत स्पीकर जोडला तर त्याची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळू शकते. दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो तो बहुतेक वेळा इथेच.

सगळ्यात जास्त तक्रार असते घुमण्याची. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही १०० हर्ट्झची घरघर येत असेल तर फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायची वीज सपाट करणारे) वाळलेत. नॉब फिरवला की घरघर वाढत असेल तर दोष इनपुट केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधा, कपॅसिटरवर पैसे घालू नका. बदलताना ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टच्या जागी तेवढाच, पण ८५ऐवजी १०५ अंशांचा घ्या. व्होल्ट जास्त चालतात, कमी अजिबात नाही. ‘बेस वाढेल’ म्हणून १०,००० मायक्रोफॅरड बसवायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा; चालू करतानाचा झटका जुना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि स्विच यांना सोसत नाही. जुना कपॅसिटर काढण्याआधी १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर त्याच्या पायांवर धरून चार्ज उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, तरी ती चुकीचीच.

नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) आत मारून नॉब वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पॉट बदलावाच लागला तर मागताना ‘लॉग’ असं स्पष्ट सांगा, त्यावर ए५०के किंवा ए१००के असं लिहिलेलं असतं. काउंटरवरून सहज हातात येतो तो बी, म्हणजे लिनिअर. तो बसवला की नॉब जरासा हलवताच आवाज उसळतो आणि पुढचा सगळा फेरा निकामी. एक बाजू हळू आवाजात गायब होते आणि आवाज मोठा केला की परत येते, असं होत असेल तर स्पीकर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत, रिलेच बदला. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सिलेक्टर स्विचही असाच गंजतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा अर्धा तास संच चालवला तर हा त्रास बराच टळतो.

आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असतील तर दुरुस्ती करणारा कोण, याला महत्त्व येतं. कोल्हापुरात मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या ॲम्प्लिफायरवर हात बसलेले कारागीर आहेत आणि २एससी५२०० व २एसए१९४३ या ट्रान्झिस्टरची जोडी त्यांना पाठ असते. कामाला वाघ, पण सवय मोठ्या आवाजाची. घरच्या संचात जाडा फ्यूज टाकून ‘आता जात नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून संच परत घ्या. या ट्रान्झिस्टरच्या नकली प्रती बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे भाव फार कमी सांगितला तर सावध व्हा. एक जळला तरी पूर्ण जोडी बदलावी, सोबतचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे एमिटर रेझिस्टर तपासावेत, अभ्रकाची पट्टी आणि हीट सिंक पेस्ट नवी लावावी. त्यानंतर एमिटर रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजून बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट, लावावा लागतो. बायस न लावता दिलेला ॲम्प्लिफायर हळू आवाजात चिरका वाजतो, नाहीतर महिन्याभरात तापून पुन्हा जातो. आत सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके मॉड्यूल (सगळं आउटपुट एकाच बंद तुकड्यात) असेल आणि तेच गेलं असेल, तर मात्र हट्ट सोडा. अस्सल मॉड्यूल नवं मिळणं जवळपास अशक्य आहे आणि नकली किती टिकेल याची हमी कुणी देत नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर उद्यमनगराकडच्या वाइंडिंगवाल्यांना विचारून पाहा. पट्ट्यांचा चौकोनी असेल तर काम होण्यासारखं आहे, गोल टोरॉइडल असेल तर अवघड.

स्पीकर शक्यतो टाकू नका. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ ओहम दाखवतो, ४चा साधारण साडेतीन. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबून पाहा. घासल्याचा आवाज आला नाही तर कॉइल सरळ आहे. कडेचा फोम पंधरा-वीस वर्षांत हात लावताच भुगा होतो, पण तेवढ्यावरून स्पीकर बाद ठरत नाही. फोमची रिंग मापाने मिळते. रबराची किंवा कापडी कड असेल तर प्रश्नच नाही. अपवाद पुराचा. २०१९ किंवा २०२१च्या पाण्यात बुडालेले भुशाच्या बोर्डाचे कॅबिनेट फुगलेले असतात, ते पुन्हा घट्ट होत नाहीत. कागदी कोनही गेलेलाच.

होम थिएटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डीव्हीडी वाचणारी लेन्स मिळेल, पण डीव्हीडी लावतं कोण? मुख्य बोर्ड मिळत नाही. अशा बऱ्याच संचांचे स्पीकर ३ ओहमचे असतात, तेव्हा ते काढून जुन्या ॲम्प्लिफायरला लावायची युक्ती ॲम्प्लिफायरलाच भोवते.

साउंडबारचं कौतुक एका बाबतीत करायला हवं: बातम्या आणि मालिकांतले संवाद स्वच्छ ऐकू येतात, एचडीएमआय एआरसीमुळे (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून साउंडबारकडे जातो) टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो. गाणी ऐकायला मात्र डावं-उजवं अंतरच उरत नाही. वॉरंटी संपल्यावर ॲडॉप्टर गेला तर बदलता येतो, आतला बोर्ड गेला की बहुधा सगळंच गेलं.

म्हणून ज्यांच्याकडे चालू ॲम्प्लिफायर आणि धड स्पीकर आहेत, त्यांनी साउंडबारऐवजी ऑप्टिकल ते आरसीए असा छोटा डॅक (टीव्हीचा डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला चालेल असा करणारी डबी) घ्यावा. किंमत साउंडबारच्या एका कोपऱ्याएवढी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करायला विसरू नका, नाहीतर काहीच वाजत नाही आणि डॅक खराब म्हणून परत जातो. ब्लूटूथने जोडलं तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. ॲम्प्लिफायर मेलेलाच असेल तर टीपीए३११६ चिपचा तयार बोर्ड आणि २४ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॉप्टर पुरतो. खोक्यावर १०० वॅट छापलेलं असलं तरी ८ ओहमवर प्रत्येक बाजूला तीसेक वॅट धरा, घराच्या खोलीला ते भरपूर आहेत. या बोर्डाचे दोन्ही काळे टर्मिनल एकमेकांना किंवा अर्थला कधीही जोडू नका. आउटपुट ब्रिज पद्धतीचं, म्हणजे काळ्या टर्मिनललाही सिग्नल असणारं, असल्याने चिप जाते.

दुरुस्तीला देताना खर्चाचा अंदाज आधी घ्या. तशाच ताकदीच्या नव्या ॲम्प्लिफायरच्या निम्म्यावर आकडा गेला तर संच परत आणा. काढलेले भाग मागून घ्या, बदललेल्या भागांचे नंबर पावतीवर लिहून घ्या आणि संच काउंटरवरच अर्धा तास वाजवून, हीट सिंकला हात लावून मग घरी न्या.