वाईट सिनेमाची फिरकी: माइकचं त्रिकूट की जोएलची मंडळी?

वाईट सिनेमा लावून त्यावर शेरेबाजी करणारे दोन अमेरिकन गट आहेत, पैसे एकाच ठिकाणी घालायचे तर त्यातल्या माइकच्या रिफट्रॅक्सवर घालू की जोएलच्या मंडळींवर, असं आमच्या इंदूरच्या मित्रमंडळीत अधूनमधून कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याला ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ म्हणजे काय ते ठाऊक असतं. पडद्याच्या तळाशी खुर्च्यांच्या सावल्या, त्यांत एक माणूस आणि दोन रोबो-बाहुले, समोर चाललेला भिकार सिनेमा आणि त्यावर या तिघांची सतत शेरेबाजी, एवढं त्यानं यूट्यूबवर पाहिलेलं असतं. गोंधळ असतो तो त्यानंतरच्या भाऊबंदकीचा.

ती भाऊबंदकी थोडक्यात अशी. जोएल हॉजसननं १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही स्टेशनवर हा उद्योग सुरू केला. १९९३ मध्ये तो मध्येच निघून गेला आणि त्याच्या खुर्चीत मुख्य लेखक माइक नेल्सन येऊन बसला. १९९९ मध्ये कार्यक्रमच बंद पडला. माइकनं २००६ मध्ये रिफट्रॅक्स काढलं, त्यात केविन मर्फी आणि बिल कॉर्बेट हे जुने सोबती आले. पुढच्याच वर्षी जोएलनं सुरुवातीच्या दिवसांतल्या लोकांची मोट बांधली: ट्रेस ब्यूल्यू, जे. एल्विस वाइनस्टीन, फ्रँक कॉनिफ, मेरी जो पेल. नाव ठेवलं सिनेमॅटिक टायटॅनिक. ते २०१३ च्या अखेरीस आटोपलं. मग २०१५ मध्ये जोएलनं चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून मूळ कार्यक्रमच पुन्हा उभा केला. किकस्टार्टरवर ५७ लाख डॉलरहून जास्त जमले, खुर्ची जोना रे याला मिळाली आणि २०१७ पासून दोन हंगाम नेटफ्लिक्सवर आले.

माइक मोठा की जोएल, यावर तिकडच्या चाहत्यांत अजून हाणामाऱ्या चालतात. आपण त्यात पडायचं कारण नाही. आपला प्रश्न सोपा आहे: शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर टीव्हीवर काय लावायचं?

तुलनेची एक सोय आयतीच झालेली आहे. १९६४ चा ‘सांताक्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स’ नावाचा सिनेमा आहे. मंगळावरची पोरं पृथ्वीचा टीव्ही बघून बघून उदास झाली, म्हणून मंगळवासी थेट सांताला पळवून नेतात. हिरवे रंगवलेले चेहरे, डोक्यावर अँटेना, पत्र्याच्या डब्यासारखा रोबो, आणि ध्रुवीय अस्वल म्हणून कातडं पांघरून चालणारा एक माणूस. हा सिनेमा जोएलनं १९९१ मध्ये जुन्या कार्यक्रमात घेतला, २००८ मध्ये सिनेमॅटिक टायटॅनिकनं घेतला, आणि २०१३ च्या डिसेंबरात माइकच्या त्रिकुटानं अमेरिकेतल्या थिएटरांत लाइव्ह केला. ठरवायचं असेल त्यानं हे तिन्ही बघावेत. फक्त लागोपाठ नको, मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर विनोदाऐवजी सांताचाच राग येतो.

त्रिकुटाची तयारी सगळ्यात पक्की वाटते, हे आधीच कबूल करतो. केविनचा भारदस्त आवाज, बिलचा चिडका, आणि माइक मधूनच थंडपणे एखादं वाक्य टाकतो. कोण बोलतंय ते लगेच कळतं. वाक्य पडतं, हशा येतो, हशा संपायच्या आत दुसरं वाक्य येतं. आपल्याकडे पोह्यांवर सेव घालतात ना, तसं आहे ते: एखादा ठेलेवाला हात सैल सोडतो आणि पोहे दिसेनासे होतात. सेव मलाही आवडते, पण तासाभरानं पोहे कुठे गेले असं वाटायला लागतं. सिनेमातला माणूस काय म्हणाला ते ऐकूच आलं नाही, तर त्यावरचा टोमणा अर्धाच पोचतो.

सिनेमॅटिक टायटॅनिकमध्ये पाच माणसं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सावल्या, आणि सगळे एकाहून एक तरबेज. मेरी जोचा कोरडा स्वर तर मला फार आवडतो. पण अमेरिकन उच्चारांना आपला कान आधीच ताणावा लागतो, त्यात पाच आवाज, आणि कधीकधी एकमेकांवर चढणारे. ते मध्येच सिनेमा थांबवून काहीतरी नाटुकलं करतात, तेही दर वेळी जमतंच असं नाही. शिवाय सिनेमे मोजकेच, त्यामुळे त्यांचा साठा लवकर संपतो.

१९९१ चा भाग या दोन्हींच्या मानानं संथ आहे. जोएल झोपेतून उठून आल्यासारखा बोलतो. मध्ये मध्ये बाहुल्यांचे प्रवेश येतात. याच भागात क्रो हा रोबो पॅट्रिक स्वेझी या नटावर एक नाताळगीत लिहून आणतो, ते सगळं ‘रोड हाऊस’ या सिनेमावर बेतलेलं. गंमत बघा, पंधरा वर्षांनी रिफट्रॅक्सनं पहिला हात घातला तोही ‘रोड हाऊस’वरच. हे बाहुल्यांचे प्रवेश पुष्कळांना नकोसे वाटतात. आमच्याकडे तेवढ्यात चहा टाकला जातो. इंटरव्हलशिवाय सिनेमा बघायची सवय आपल्याला नाहीच.

इथपर्यंत पारडं कुठेही झुकू शकतं, खरं सांगायचं तर माइककडेच जास्त. माझं पारडं फिरलं ते एका कटकटीमुळे. ती अमेरिकेत बसून वाटण्यासारखी नाही, इंदुरात बसून वाटते.

रिफट्रॅक्सची खरी करामत काय? मोठ्या स्टुडिओचे, नवे, गाजलेले सिनेमे. ‘ट्वायलाइट’, ‘हॅरी पॉटर’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. यांचे हक्क कोणी यांना देणार नाही, म्हणून यांनी वाट काढली की सिनेमा विकायचाच नाही, फक्त आपल्या शेरेबाजीची एमपी३ विकायची. ‘जस्ट द जोक्स’ म्हणतात ते हे. सिनेमा तुमचा तुम्ही मिळवा आणि दोन्ही एकत्र लावा. मध्ये मध्ये एक यंत्रासारखा आवाज सिनेमातलं वाक्य म्हणतो, ते पडद्यावरच्या वाक्याशी जुळलं की समजायचं गाडी रुळावर आहे.

तिकडे हे चालतं, कारण त्यांच्या हातातला सिनेमा आणि आपल्या हातातला सिनेमा एकच असतो. आपला तसा नसतो. जुन्या डिस्क काढल्या, तर त्यातली एखादी पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीची निघते. पालमध्ये सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळतात, म्हणजे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. सुरुवातीला तंतोतंत जुळवा, पाऊण तासात दोन मिनिटांच्या आसपास फरक पडलेला असतो. डिस्क सोडून स्ट्रीमिंगवर या, तर तिथे आपली वेगळीच तऱ्हा. तंबाखूविरोधी सूचनांचे नियम १ सप्टेंबर २०२३ पासून स्ट्रीमिंगलाही लागू आहेत: सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांची सूचना. सुरुवातीची आली तर काही बिघडत नाही, ती संपल्यावर एमपी३ सुरू करायची. मधली आली की खेळ संपला. त्यात सेन्सॉरची कात्री. ‘स्पेक्टर’मधलं जेम्स बाँडचं चुंबन २०१५ मध्ये आपल्या बोर्डानं अर्ध्यावर आणलं होतं, त्याची थट्टा तेव्हा सगळ्यांनीच केली. पण चार सेकंद गेले की शेरेबाजी चार सेकंद मागे पडते, ही भानगड त्या थट्टेत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

चार सेकंद म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. व्हॅम्पायर उन्हात चमकून झाला, दृश्य बदललं, जंगल आलं, आणि आता त्याच्या चमकण्यावरचा टोमणा ऐकू येतोय. टोमणा उत्तम असतो, पण आता तो झाडांना लागू होतो. मग कोणीतरी उठतं, लॅपटॉपवर आवाज पुढे ढकलतं, जरा जास्तच ढकलतं, आणि आता विनोद आधी आणि प्रसंग मागून. घरात हे काम माझ्याकडे असतं. चार घरची माणसं सोफ्यावर हसताहेत आणि मी गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन ओठांच्या हालचाली बघतोय. मला त्या सिनेमांतला एकही विनोद सलग ऐकल्याचं आठवत नाही. एका प्लॅटफॉर्मवर तर एकाच सिनेमाची लांबी काही महिन्यांत बदलली. आधी लिहून ठेवलेल्या वेळा मग फुकट.

रिफट्रॅक्सचे पाठीराखे लगेच म्हणतील, अहो, ते सिनेमासकट तयार आवृत्त्याही विकतात की. विकतात, आणि त्या उत्तम असतात. पण त्या कोणत्या सिनेमांच्या? जुन्या, हक्क संपलेल्या किंवा स्वस्तात मिळालेल्या. म्हणजे जी गोष्ट फक्त हे त्रिकूटच देऊ शकतं, तीच आपल्याकडे धड मिळत नाही. जे धड मिळतं, ते जुनं भिकार भांडार जोएलकडेही आहे. तिथे सामना बरोबरीत येतो आणि मग प्रश्न फक्त हात कोणाचा चांगला, एवढाच उरतो.

आणि तिथे मला जोएलचा संथपणा बरा वाटायला लागला. कारण आमचे लोक गप्प बसणारे नाहीत. रीगल आणि सपना-संगीताच्या पुढच्या रांगांत ज्यांनी सिनेमे पाहिलेत, त्यांना पडद्यावरच्या हिरोला ‘अरे भिया, मागे बघ’ सांगितल्याशिवाय करमत नाही. जोएल दोन वाक्यांत जागा सोडतो. त्या जागेत आमच्यातलं कोणीतरी मराठीत काहीतरी टाकतं, आणि बरेचदा खोली हसते ती त्यावर. त्रिकूट चालू असताना ही जागाच मिळत नाही, बोललात तर पुढचा विनोद बुडतो आणि बाकीचे ‘शूऽऽ’ करतात. विनोदावर शूऽऽ म्हणजे फारच झालं. याच कारणानं जोनाचा नेटफ्लिक्सवरचा पहिला हंगाम मला जरा गर्दीचा वाटतो. दुसरा पुष्कळ सुटसुटीत आहे.

संदर्भांचं म्हणाल तर दोन्हीकडे बोंबच आहे. जुन्या कार्यक्रमात मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडचे फुटबॉलवाले आणि सत्तरीतल्या जाहिराती एवढ्या येतात की आपण नुसतं मान डोलवायची. रिफट्रॅक्सचे विनोद त्या मानानं कुठेही चालणारे. हा गुण त्यांना द्यायलाच हवा, आणि ज्याला हे खटकतं त्यानं माझं ऐकू नये. माझ्यापुरतं सांगतो, जोएलचे मला कळणारे विनोद बहुतेक पडद्यावरच्या गोष्टीतूनच निघतात: अस्वलाची चाल, दाराचा आवाज, भिंत हलली ते. त्याला अमेरिका माहीत असावी लागत नाही.

शॉर्ट्समध्ये मात्र मी बिनदिक्कत त्रिकुटाकडे बोट दाखवीन. जुने अमेरिकन शैक्षणिक लघुपट, दहा-पंधरा मिनिटांचे, गवतापासून हस्तकला कशी करावी असल्या विषयांवरचे. सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुकाट्यानं पाहिलेल्या पिढीला तो निवेदकाचा स्वर लगेच ओळखू येईल, फक्त इथे कोणीतरी त्याला उलट उत्तर देतंय. जुळवाजुळव नाही, किंमत कमी, त्यांच्या यूट्यूब चॅनेलवरही बरंच काही आहे. एकट्यानं हेडफोन लावून बघणाऱ्याला तर एवढ्यावरच वर्ष काढता येईल.

कोणी म्हणतं, आपले स्टँड-अपवाले कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ काय वाईट होते? अजिबात नाही. त्यांचं यूट्यूबवरचं ‘प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज’ अजूनही बघावं असं आहे, आणि त्यातले सिनेमे आपण स्वतः भोगलेले आहेत. पण ती सिनेमा बघून झाल्यावरची चेष्टा. सोफ्यावर बसून, निवडक तुकडे दाखवून केलेली. शेजारी बसून सिनेमाभर सोबत करणं निराळं, त्यामुळे या तुलनेत त्यांना ओढत नाही.

तर माझ्या हिशेबानं, एकटे असाल, इंग्रजीचा वेग झेपत असेल आणि नेमका तुमच्याकडचा सिनेमा त्यांच्या एमपी३शी जुळतो अशी खात्री असेल, तर रिफट्रॅक्स घ्या, मी अडवणार नाही. चार माणसं जमत असतील तर जोएलचे १९९० ते १९९३ मधले भाग आधी. बरेचसे त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत, त्यामुळे पाकिटाला हात न लावताही कल येईल. तेव्हा श्रेयनामावलीत चाहत्यांना टेपा फिरवत राहा असं सांगायचे, आता नुसती लिंक फिरवली की झालं. ते आवडले तर माइकच्या काळातले. सिनेमॅटिक टायटॅनिक त्यानंतर, आवाज ओळखीचे झाल्यावर. ट्रेस आणि फ्रँक ही जोडी आवडली, तर ‘द मॅड्स’ या नावानं ते दोघं अजून हाच धंदा करतात.

‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ मात्र पहिल्याच शनिवारी लावू नका, कोणी कितीही शिफारस केली तरी. एल पासोमधल्या एका खतविक्रेत्यानं १९६६ मध्ये काढलेला हा सिनेमा जोएलनं १९९३ मध्ये आणि त्रिकुटानं २०१२ मध्ये, दोघांनीही घेतलाय. पण त्यात गाडी रस्त्यानं जाते ती जातच राहते, आणि नवखा पाहुणा तेवढ्यात चप्पल शोधायला लागतो. तो दोन-तीन महिन्यांनी काढावा, घरातल्या सोशिक मंडळींना घेऊन. आणि जोएलचाच.