इतिहासात बीए: तालुक्याचं कॉलेज, नागपूर, की मुक्त विद्यापीठ?

वरोरा, चिमूर, भद्रावती या पट्ट्यात बारावी आर्ट्स झालेल्या पोराला इतिहासात बीए करायचं असेल तर समोर तीन रस्ते असतात. एसटीनं तालुक्याच्या कॉलेजात जाऊन-येऊन करणं, नागपूरला रूम करून राहणं, नाहीतर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून घरूनच पेपर देणं. पुणे-दिल्ली हा चौथा, त्याचं नंतर बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी म्हणायला नको की उगाच शेवटपर्यंत वाचायला लावलं: बीए तालुक्याला कर, नागपूर एमएसाठी ठेव, आणि मुक्त त्यानंच घ्यावं ज्याला घरचं सोडून निघताच येत नाही किंवा जो आधीच कुठं कामाला लागलाय. हे सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून बाकीचं लिहितोय.

तालुक्याच्या कॉलेजचं पहिलं बघू. अनुदानित असेल तर फीचं फार टेन्शन नसतं, त्यात महाडीबीटीची शिष्यवृत्ती मिळाली तर घरातून जे जातं ते पास, वह्या आणि चहा-समोशापुरतं. घरी राहिल्यानं सोयाबीन काढायला, कापूस वेचायला हात मिळतो हे आईबाबा बोलून दाखवत नाहीत पण त्यांच्या डोक्यात असतंच, आणि दिवाळीच्या आगेमागे अर्धा वर्ग रिकामा का असतो हे सरांनाही ठाऊक असतं, म्हणून हजेरीचं कोणी जास्त ताणत नाही. आता हाच फायदा आणि हीच गडबड. कायम नोकरीतले एखादे चांगले सर मिळाले तर तीन वर्षांचं सोनं होतं, पण बऱ्याच ठिकाणी पद रिक्त, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर कोणीतरी येतो, तो बिचारा दोन कॉलेजं सांभाळतो, आणि मग सगळा विषय गाईडवर चालतो.

गाईडवर चालतो म्हणजे काय ते सांगतो. १८५७ च्या उठावाची कारणं. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, तात्कालिक, असे सहा मथळे, प्रत्येकाखाली चार-चार ओळी, शेवटी काडतुसं आणि मंगल पांडे. हे जसंच्या तसं उतरवलं की मार्क पडतात, आणि वाईट पडत नाहीत. पण चंद्रपूरच्या जेलात २१ ऑक्टोबर १८५८ ला ज्यांना फाशी दिली ते बाबूराव शेडमाके कोण, दिल्ली-कानपूर थंड पडल्यावर आपल्या जंगलातली लढाई कशी काय चालू होती, इथं थेट ब्रिटिश राज्य येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती कारण नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं १८५४ ला, हे एकमेकांना जोडून विचारलं तर सहा मथळेवाला गप्प. पेपरात ते विचारतही नाहीत म्हणा. म्हणून तालुक्यात शिकणाऱ्यानं गाईड परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांपुरतं ठेवायचं आणि बाकी वर्षभर नीट पुस्तक वाचायचं, ते तुझं तुलाच करावं लागणार, कोणी मागे लागणार नाही.

अजून एक, ॲडमिशनच्या आधी विचारून घे की तिथं इतिहास मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळतो का. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय, तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, पण चौथं वर्ष प्रत्येक छोट्या कॉलेजात असेलच असं धरून चालू नको. आणि ‘पुढे बघू’ या भरवशावर मेजर राज्यशास्त्र घेऊन बसलास आणि पुढे इतिहासात एमए करायचं ठरवलंस तर नियम शोधत फिरावं लागेल.

आता नागपूर. नागपूरला गेलं की सगळं जमतं असा एक समज आपल्याकडे आहे, आणि तो अर्धाच बरोबर आहे. ज्या इतिहासासाठी नागपूर विद्यापीठाचं नाव आहे तो प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग, त्यांनी पवनी, माहूरझरी, टाकळघाट-खापा इथं उत्खननं केली, आपल्या विदर्भातली ती मोठमोठ्या दगडांची वर्तुळं, लोखंडाची हत्यारं, बौद्ध स्तूप हे जे पुस्तकात येतं त्यातलं बरंचसं या लोकांनी मातीतून काढलेलं आहे. पण तिथं खरी एन्ट्री एमएला होते. बीए तू नागपुरातल्या कुठल्यातरी कॉलेजातच करणार, आणि तिथंही सीएचबी आहे, तिथंही गाईड आहे. फरक काय तर शहर. अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, रविवारी पायी जाऊन बघता येतं, पुराभिलेख खात्याचं ऑफिस आहे, मोठ्या लायब्ऱ्या आहेत, अभ्यासिका तर गल्लोगल्ली. ज्याला हे वापरायचं माहीत आहे त्याला नागपूर पुरून उरतं. पण अठरा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा घर सोडून जातं तेव्हा त्यातलं किती वापरतं, हा प्रश्न आहे.

आणि खर्च. रूम, मेस, झेरॉक्स, अभ्यासिकेची फी, महिन्याचं गणित मांडलं की कापसाच्या भावाकडे बघत बसावं लागतं. सरकारी हॉस्टेलला नंबर लागला तर प्रश्न मिटला. नाही लागला तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी-भटक्यांसाठी आधार योजना आहे, पैसे खात्यात येतात, पण कधी येतात ते विचारू नको. पहिले पाच-सहा महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी असेल तरच या पैशाच्या भरवशावर निघ.

मुक्तचं थोडक्यात. दोन पर्याय, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू. नाशिकवाल्याचं मराठीतून होतं, जवळपासच्या अभ्यासकेंद्रात पेपर देता येतात. इग्नूला इतिहास ऑनर्स आहे पण हिंदी किंवा इंग्रजीतून. दोन्हीच्या डिग्र्या यूजीसीमान्य, एमपीएससीला चालतात, त्यामुळे ‘मुक्तचा बीए म्हणजे खोटा बीए’ असं चौकात जे बोलतात त्याकडे लक्ष देऊ नको. गंमत म्हणजे इग्नूचं इतिहासाचं मटेरियल रेग्युलर कॉलेजातल्या गाईडपेक्षा कितीतरी भारी आहे आणि त्यांच्या ईज्ञानकोश वेबसाइटवर फुकट आहे, तालुक्यात शिकत असलास तरी तेच वाच. मुक्तची अडचण वेगळीच आहे. तू लिहिलेलं कोणी वाचून ‘हे काय लिहिलं बे’ म्हणत नाही. इतिहासात लिहायला शिकणं हेच अर्धं शिक्षण असतं, आणि ते एकट्यानं होत नाही.

बरं, करून पुढे काय? इथं घरचे लोक खरे अडतात आणि बरोबर अडतात.

सगळ्यात जास्त पोरं जातात स्पर्धा परीक्षेकडे. ‘इतिहास घेतला म्हणजे एमपीएससी सोपी’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते कोणी तपासतच नाही. फायदा आहे, नाही कशाला म्हणू. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, एकेक २५० मार्कांचा, आणि इतिहास त्या यादीत आहे, उत्तरं मराठीत लिहिता येतात. पण त्या आधी पूर्वपरीक्षा आहे, तिथं सीसॅटला, म्हणजे बुद्धिमत्ता-आकलनाच्या पेपरला, ३३ टक्के काढावे लागतात, गणित-बुद्धिमत्ता सोडून आर्ट्सला आलेल्या पोरांची गाडी तिथंच पंक्चर होते. आणि गाईडच्या सहा मथळ्यांवर वर्णनात्मक पेपर निघत नाही. तलाठ्यासारख्या भरतीला तर कुठलीही पदवी चालते, इतिहासाचा वेगळा काही भाव नाही. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांवर अर्ज होते, आकडा एवढ्यासाठी दिला की ‘नाही काही झालं तर तलाठी तरी होईन’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. या रस्त्याला जायचं असेल तर बीए कुठून केलं यानं काडीचा फरक पडत नाही, तालुका किंवा मुक्त, वाचलेला पैसा टेस्ट सिरीजला लाव.

दुसरा रस्ता बीएड. दोन वर्षं, सीईटी देऊन. मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला, म्हणजे मधे दोन ते पाच-सहा वर्षं नुसतं वाट बघणं हे धरूनच चाल. खासगी संस्थेत लागायचं तर काय विचारतात ते गावात कोणालाही विचार, मी लिहीत नाही. तरीपण ज्याला शिकवायची आवड आहे त्यानं करावं, फक्त बीएला इतिहासासोबत मराठी किंवा भूगोल ठेव, म्हणजे बीएडच्या मेथडला, म्हणजे शाळेत शिकवायच्या विषयांना, दोन विषय नीट बसतात.

प्राध्यापकी. एमएला ५५ टक्के, राखीव गटाला ५०, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, मग सीएचबी. सीएचबीच्या पुढे काय ते वर लिहिलंच आहे. एलएलबी मात्र लोक विनाकारण विसरतात. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचा कोर्स, इतिहास वाचून लांबलचक कागद समजून घ्यायची सवय लागलेली असते आणि ती तिथं कामाला येते, आणि तालुका कोर्टात वकिली करताना गावाशी तुटावं लागत नाही. घरी थोडीफार शेती असेल आणि सुरुवातीची काही वर्षं कमाईशिवाय निघत असतील तर मी बीएडच्या वर याला ठेवीन.

आता ज्याबद्दल कोणी सांगत नाही ते. जुने कागद. आपल्याकडे जात पडताळणीसाठी ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, लोक कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला शोधत तहसीलला चकरा मारतात, आणि नक्कल मिळाली की कळतं ती जुन्या मोडी लिपीत आहे. मोडीचं पान एकदा बघच. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतलेली, तिला अक्षरं टांगलेली, शब्द कुठं संपला कुठं सुरू झाला पत्ता नाही, हात न उचलता सरसर लिहिलेलं, त्यात बाप-आजाचं नाव शोधायचं. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना राज्यभर मागणी आली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, इतिहासाचा बीए करता करता सुट्टीत हे शिकून घेतलं तर डिग्री कुठलीही असो, हातात एक धंदा येतो.

तसंच जमिनीचं आणि जंगलाचं. आपल्या पूर्व विदर्भात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची पद्धत, होती, १९५० च्या कायद्यानं ती गेली, पण निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, बंदोबस्ताची मिसल हे कागद अजून रेकॉर्ड रूममध्ये आहेत आणि गावाला कुठल्या जंगलातून काय आणायचा, कुठल्या तलावाचं पाणी घ्यायचा हक्क होता ते त्यात लिहिलेलं आहे. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात आदिवासी नसलेल्या कुटुंबाला दावा करायचा तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ ला सामूहिक हक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोली-चंद्रपूरकडे ग्रामसभांबरोबर काम करणाऱ्या संस्था असे कागद वाचणारी पोरं शोधतात. पगार फार नसतो, कायम नसतो, हेही सांगून ठेवतो. पण सातबाऱ्याच्या मागचा इतिहास वाचता येणारा माणूस तालुक्यात एखाद-दुसराच असतो आणि त्याच्याकडे लोक आपणहून येतात.

पुरातत्त्वात जायचं असेल तर मात्र नागपूर किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज, दोन्हीकडे एमए. त्यापुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा ग्रेटर नोएडाला असतो. जागा कमी, उन्हात राहायची तयारी पाहिजे, आणि इंग्रजी. इंग्रजीला पर्याय नाही, अहवाल सगळे इंग्रजीत आहेत. ज्याला हे करायचंय त्यानं बीएच्या पहिल्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजी वाचायची सवय लावावी, कॉलेज कुठलंही असो.

दिल्ली-बनारसचं राहिलं. सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली विद्यापीठ, बनारसच्या बीएचयूमध्ये इतिहास ऑनर्स मिळतो, शिकवणं आपल्याकडच्यापेक्षा खरंच वरचं आहे. बारावीला असतानाच फॉर्म भरावा लागतो, निकालानंतर जाग येऊन उपयोग नाही. इंग्रजी किंवा हिंदीतून लिहायची ताकद असेल आणि घरून खर्च निघत असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि जा. पुण्याचं तसं नाही, फक्त बीएसाठी पुण्याचं भाडं भरणं मला पटत नाही.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांसाठी एक कागदी गोष्ट. तुझी डिग्री गोंडवाना विद्यापीठाची असणार, एमएला नागपूर विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाक. ओबीसी असशील तर नॉन-क्रिमीलेअरची तारीख पण बघून घे, जून-जुलैत सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.