शिपाई, तिपाई की तिरपे दांडे? उभ्या फिफ्थ व्हीलचं हलणं कमी करताना

रात्री दोन वाजता हे पाणी प्यायला उठतात आणि मी जागी होते. आवाजाने नाही, पलंग हलतो म्हणून. आमचं फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपने ओढायचं चाकांवरचं घर, 34 फुटी. झोपायची खोली पुढच्या उंच भागात, स्वयंपाकघर पार मागे. मागे कुणी चार पावलं टाकली की पुढे आडवं पडलेल्या माणसाला ती मोजता येतात. पहिल्या वर्षी मी म्हणायचे, हे घर आहे की झोपाळा? त्यानंतरच्या वर्षांत आम्ही या प्रश्नावर बरेच डॉलर घातले. काही सत्कारणी लागले, काही नाही. टेक्सासमधली ओळखीची दोन मराठी कुटुंबं आता असलंच घर घ्यायच्या बेतात आहेत आणि दोघांचा प्रश्न एकच आहे: "काय बसवू?"

त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे: तुमचं घर हलतं ते कुठल्या दिशेने?

पण आधी हे हलतं का ते बघू. साध्या ट्रेलरसारखं फिफ्थ व्हील गाडीच्या मागच्या हुकाला अडकत नाही. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, एक हिच, म्हणजे जोडणीचा सांधा, बसवलेला असतो, त्यात ट्रेलरच्या पुढच्या टोकाची जाड खुंटी, म्हणजे किंगपिन, बसते. ट्रेलरच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा त्या पिनवर येतो. म्हणजे 12,000 पौंडांचं घर असेल तर 2,400 पौंड, एक टनाहून जास्त. रस्त्यावर हे उत्तमच. पण मुक्कामाला पिकअप सोडवलात की तो सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो, ज्यांना लँडिंग गिअर म्हणतात. बैल सोडले की जू जमिनीला टेकू नये म्हणून गाडीला लाकडी टेकू देतात, आमच्याकडे त्याला शिपाई म्हणत. लँडिंग गिअर म्हणजे हा शिपाईच. फक्त तो नळीत नळी सरकणारा असतो, दोन नळ्यांमध्ये थोडी फट असते आणि पाय जितका जास्त बाहेर काढाल तितकी ती फट वर घरात जाणवते. शिवाय किंगपिन आणि पलंग त्या पायांच्याही पुढे अधांतरी. मधे चाकं, त्यांच्यावर पाट्याच्या स्प्रिंगा, खाली हवेचे टायर. मागे दोन बारीक जॅक. एवढ्यावर पाच-साडेपाच टनांचं घर उभं असतं. न हललं तरच नवल.

दिशा ओळखायला उपकरण लागत नाही. ओट्यावर पसरट पातेल्यात पाणी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी दारापासून पलंगापर्यंत नेहमीसारखं चालायला सांगा. पाणी लांबीच्या दिशेने हिंदकळलं तर चाकं पुढे-मागे सरकताहेत किंवा पुढचे पाय डुलताहेत. रुंदीच्या दिशेने हिंदकळलं तर पायांना आडवा आधार नाही. आणि पाणी फारसं हललं नाही पण तुम्हाला पायाखाली दबल्यासारखं वाटलं, तर स्प्रिंगा आणि टायर खेळताहेत. तिन्हींचा इलाज वेगळा. हे न बघता खरेदी केली तर आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. आमचं तसंच झालं होतं.

पैसे काढण्याआधी

जागा निवडताना सपाटी बघता, तसा वारासुद्धा बघा. आमच्या घराची एक बाजू 34 फूट लांब आणि साधारण 10 फूट उंच, म्हणजे 340 चौरस फूट. गिरगावातल्या वन-रूम-किचनएवढं शीड! ताशी 30 मैलांचा वारा त्यावर अंदाजे पावणेआठशे पौंडांचा रेटा देतो आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. टेक्सासमधल्या अमॅरिलोच्या आसपास सपाट माळावर हे एका रात्रीत पटतं. जागा मोकळी असेल तर तोंड वाऱ्याकडे करून उभं राहा. याचा जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच दुकानी वस्तूने पडत नाही.

दुसरं म्हणजे जॅकच्या आणि लँडिंग गिअरच्या पायांखाली जाड फळ्या घाला. त्याने दोन गोष्टी साधतात. पाय कमी बाहेर काढावा लागतो म्हणून तो कमी डुलतो, आणि भार पसरतो म्हणून मातीत रुतत नाही. टेक्सासच्या किनाऱ्यावर पोर्ट अरान्सासजवळच्या वाळूत आमचा मागचा जॅक एका रात्रीत चांगला रुतला होता. सकाळी पुन्हा आवळायचा, एवढंच त्याचं औषध. पाऊस पडून गेल्यावर तर नक्कीच.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. दाराच्या चौकटीला लोंबणाऱ्या घडीच्या पायऱ्या असतील तर येणारा-जाणारा प्रत्येक जण आपलं सगळं वजन घराच्या एका कडेला टांगतो. जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या असल्या की ते वजन जमिनीत जातं. नवं घर विकत घेणार असाल तर ही गोष्ट जरूर बघा. नंतर बदलता येते, पण स्वस्तात नाही.

चाकं: उटी की एक्स-चॉक

चाकामागे लावायची पाचर म्हणजे आपली उटी. रबराची असो की प्लॅस्टिकची, तिचं काम घर उतारावरून निघून जाऊ न देणं हे आहे आणि त्याला पर्याय नाही. पिकअप सोडवण्याआधी ती लागलीच पाहिजे. पण उटी आणि टायर यांच्यात बोटभर फट राहते आणि तेवढ्यातच चाक मागे-पुढे झुलतं.

एक्स-चॉक म्हणजे कात्रीसारखा सांगाडा. तो एकापाठोपाठच्या दोन चाकांमध्ये ठेवून पान्याने आवळायचा. तो दोन्ही टायरना उलट दिशांना रेटतो आणि चाकं जखडून टाकतो. जोडीला साधारण 60 ते 100 डॉलर पडतात. पुढे-मागे होणारं हलणं यात लक्षणीय कमी होतं. आडवं हलणं मात्र तसंच राहतं. पाण्याचं पातेलं न ठेवता आम्ही हीच पहिली खरेदी केली आणि "काहीच उपयोग नाही" म्हणून आठवडाभर कुरकुर केली. आमचा खरा त्रास आडव्या डुलण्याचा होता, त्याला बिचारा एक्स-चॉक काय करणार?

दोन सूचना. टायर उन्हात तापून फुगतात, रात्री थंड होऊन आकसतात, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सैल लागतो, पुन्हा आवळा. आणि तो आहे म्हणून उटी काढून ठेवू नका. घेण्याआधी आपल्या दोन टायरांमधलं अंतर मोजा. काही घरांत ते इतकं कमी असतं की नेहमीचा बसत नाही.

तिपाई की तिरपे दांडे

खरी निवड इथे आहे.

तिपाई म्हणजे किंगपिनखाली उभा करायचा तीन पायांचा लोखंडी टेकू. मधला स्क्रू फिरवून तो पिनेला घट्ट टेकवायचा. किंमत साधारण 70 ते 130 डॉलर. भोक पाडायचं नाही, मेकॅनिक लागत नाही, जुनी तिपाई पुढच्या घरालाही चालते. लँडिंग गिअरच्या पुढे जो भाग अधांतरी असतो त्याला आधार मिळतो, त्यामुळे पलंगावर कूस बदलली की होणारी ती एक बारीक खालीवर थरथर थांबते. पुढचं टोक जितकं लांब, तितका फायदा जास्त. पण घर आडवं डुलत असेल तर तिपाई थोडंसंच रोखते, कारण तिचे पाय एका बिंदूत येऊन मिळतात आणि घर त्या बिंदूवर डुलायला मोकळंच असतं.

तिपाईची एक सवय लागते, ती म्हणजे जास्त आवळण्याची. हिने घर उचलायचं नसतं, फक्त टेकायचं असतं. यांनी एकदा उत्साहात इतकी आवळली की एक लँडिंग पाय जवळजवळ हलका झाला आणि दार लागेना. सैल केली, दार लागलं. आणि निघताना ती आधी काढायला विसरू नका. पिनेखाली पिकअप मागे घ्यायची तीच जागा असते. पिकअपच्या मागच्या झडपेला, टेलगेटला, जो पोचा आहे त्याची कथा एवढीच. मी बाहेर उभी राहून "या, या, येऊ द्या" म्हणत होते, त्यामुळे दोष कुणाचा यावर अजून एकमत नाही.

तिरप्या दांड्यांचं तत्त्व वेगळं आहे. मांडववाला उभे-आडवे बांबू बांधून झाल्यावर तिरका बांबू बांधल्याशिवाय खाली उतरत नाही. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. इथेही तेच. लँडिंग गिअरच्या आणि मागच्या जॅकच्या खालच्या टोकापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत तिरप्या नळ्या बसवतात. घर सपाट होईपर्यंत नळ्या सैल सरकतात, मग मुठी आवळल्या की जखडतात. बाजारात जेटी स्ट्राँग आर्म आणि स्टेडी फास्ट ही नावं जास्त ऐकू येतात. संच काही शे डॉलरना पडतो. बसवायला चौकटीला भोकं पाडावी लागतात. ज्याच्या हातात ड्रिल बरा चालतो त्याचा एक दिवस जातो, नाही तर मजुरी वेगळी.

आमच्या पलंगाचं डुलणं या दांड्यांनी थांबवलं. पूर्ण नाही. हे उठले की अजूनही कळतं, पण आता मी पावलं मोजत नाही. जे एक्स-चॉक आणि तिपाई मिळून करू शकले नाहीत ते या नळ्यांनी केलं, कारण रोग आडव्या डुलण्याचा होता आणि औषध त्याचंच होतं. उलट आमच्या एका स्नेह्यांचं लहान 26 फुटी घर मुख्यतः पुढे-मागे हलायचं. त्यांना एक्स-चॉक आणि तिपाई एवढ्यातच भागलं, दांड्यांचा खर्च वाचला.

दांड्यांची खोड एकच: पाय खाली-वर करण्याआधी मुठी सैल केल्याच पाहिजेत. विसरलात तर नळी वाकते किंवा चौकटीवरची पट्टी. ज्यांचे पाय बटणावर चालतात त्यांना हा धोका जास्त, कारण बटण दाबायला वाकावं लागत नाही आणि न वाकणाऱ्याला मुठी दिसत नाहीत.

बटणवाली महागडी सोय

सहा पायांची हायड्रॉलिक ऑटो-लेव्हलिंग पद्धत. एक बटण दाबलं की घर आपोआप सपाट. नंतर बसवून घ्यायची तर कित्येक हजार डॉलर. विक्रेते ती स्थिरतेसाठीही दाखवतात आणि त्यात तथ्य आहे: चाकांजवळच्या पायांनी स्प्रिंगांवरचा बराच भार उचलला की वर-खाली दबणं खूपच कमी होतं. पण लांब बाहेर आलेला सरळ दांडा आडव्या रेट्याला डुलतोच, मग तो हाताने फिरवलेला असो की तेलाच्या दाबाने. हजारो डॉलरची ही पद्धत असलेल्या घरांना वरून तिरपे दांडे लावलेले मी ॲरिझोनात क्वार्टझसाइटला पाहिलेत. तिथे सरकारी वाळवंटी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा लांब मुक्कामाचा हंगाम असतो, आणि महिनोन्महिने राहणारी मंडळी काय काय लावतात हे बघत फिरणं हा माझा तिथला संध्याकाळचा उद्योग.

तेव्हा कंबर दुखते, पावसात हॅण्डल फिरवणं नको, यासाठी ही सोय घ्यायची असेल तर खुशाल घ्या. डुलणं थांबावं एवढ्यासाठी मात्र घेऊ नका. आणि चाकं जमिनीवरून पूर्ण उचलून ठेवू नका. टायर टेकलेले असले की घर्षणाचा आधार राहतो.

एकाच जागी महिनाभर राहणार असाल तर याहून स्वस्त मार्ग आहे: चाकांच्या पुढे आणि मागे, मुख्य चौकटीखाली, चार भक्कम जॅक-स्टँड. दुकानात मिळणारे ॲल्युमिनियमचे ठेंगणे चारचे संच स्वस्त असतात, पण ते साध्या ट्रेलरच्या उंचीचे. फिफ्थ व्हीलची चौकट उंच, त्यामुळे खाली ठोकळ्यांची चळत रचावी लागते आणि चळत स्वतःच डुलते. उंच स्टँड घ्या. ठेवताना घराखाली शिरू नका, हात लांब करून सरकवा. आणि स्लाइडखाली, म्हणजे खोलीच्या बाहेर सरकणाऱ्या भागाखाली, टेकू देण्याचा मोह आवरा. घर थोडं जरी खाली बसलं तरी तो भार स्लाइडच्या यंत्रणेवर येतो, आणि तिची दुरुस्ती वरच्या कुठल्याही खरेदीपेक्षा महाग पडते.

पिकअपला किंवा पिनेला बसवायच्या एअर-राइडच्या वस्तूही कुणीतरी सुचवेल. त्या रस्त्यावरच्या धक्क्यांसाठी आहेत. उभ्या घराला त्यांचा काही उपयोग नाही.

शनिवार-रविवारच्या सहलींसाठी उटी, एक्स-चॉक आणि फळ्या बस झाल्या. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर पिकअप सोडवूच नका. पलंग आडवा डुलत असेल आणि वर्षातून दोन-तीन महिने बाहेर काढणार असाल तर तिपाई टाळून थेट दांडे घ्या. आम्ही दोन्ही घेतलं. हल्ली तिपाई बहुतेक वेळा सामानाच्या कप्प्यातच असते, आणि हे ती विकायला तयार नाहीत.