घरपोच डीएनए किट की नाशिकची वही? बडोदेकर मराठी घरांसाठी परीक्षण

वंशवेल करायला निघालेल्या बडोद्याच्या मराठी घरांत हल्ली पहिला खर्च डीएनए किटवर होतो. आमच्या मते तो सगळ्यात शेवटी व्हावा, आणि कित्येक घरांत त्याची गरजच नाही. किट ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो बहुतेकांना पडलेलाच नसतो. दांडिया बाजारात किंवा बाबाजीपुऱ्यात चार-पाच पिढ्या काढलेल्या घराला हवं असतं ते एवढंच: मूळ गाव कोणतं, गायकवाडांच्या चाकरीत पहिला कोण आला, कुठल्या साली आला. यातलं काहीही थुंकीत सापडत नाही. ते सापडलं तर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या यात्रेकरूंच्या नोंदवहीत आणि जुन्या कागदांत.

किट दोन तऱ्हेची येतात. एकात नळीत लाळ भरायची, दुसऱ्यात गालाच्या आतून बोळा फिरवायचा. लाळ साधारण 2 मिलिलिटर लागते, नळीवरच्या रेषेपर्यंत, आणि वरचा फेस त्यात धरायचा नाही. घाईत फेसासकट रेष गाठली की खरी लाळ निम्मीच भरते आणि लॅबकडून ‘नमुना अपुरा’ असा निरोप येतो. आधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू, मसाला काही नको. वय झालेल्या आजींचं तोंड कोरडं पडतं, त्यांच्यासाठी बोळ्याचंच किट मागवावं. नळी पाकिटात घालण्याआधी तिचा बारकोड त्या-त्या माणसाच्या नावावर नोंदवून घ्या. एका घरातून दोन-तीन नळ्या एकदम गेल्या की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि मग सासूचे नातेवाईक सुनेच्या खात्यात निघतात. परदेशी लॅब असेल तर आपला कुरिअरवाला असा नमुना घेतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

साधी चाचणी, जिला ऑटोसोमल म्हणतात, आईकडचं आणि बापाकडचं दोन्ही बघते, पण तिची नजर लांब पोचत नाही. मोजमाप सेंटीमॉर्गनमध्ये असतं, म्हणजे दोघांत जुळणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीचं माप. दोघांचे आजोबा-आजी एक असतील तर सरासरी साडेबारा टक्के, म्हणजे 850च्या आसपास जुळतात. पणजोबा एक असतील तर सव्वातीन टक्क्यांच्या आत, 200च्या थोडं वर. खापरपणजोबा एक असतील तर टक्काही नाही, 70-75 सेंटीमॉर्गन, आणि अशा दहांतल्या एका जोडीत मोजण्याजोगं काहीच जुळत नाही. आणखी एक पिढी मागे गेलात की निम्म्या जोड्या कोऱ्या. म्हणून घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस आधी तपासायचं. नातवाची लाळ ही आजीच्या लाळेची दोन पिढ्या पातळ झालेली प्रत असते.

त्यात आपल्याकडची अडचण वेगळीच. लग्नं शतकानुशतकं जातीत, पोटजातीत झाली. कुठे मामाची मुलगी करायची रीत. त्यामुळे दोन घरं पाच-सहा वाटांनी थोडी थोडी जोडलेली असतात आणि संगणक त्या सगळ्याची बेरीज करून ‘तिसऱ्या पातळीचे चुलत’, म्हणजे खापरपणजोबा एक, असा शिक्का मारतो. प्रत्यक्षात सामाईक पूर्वज सात-आठ पिढ्या मागचे निघू शकतात. ओळखायचं कसं? एकूण बेरजेकडे न बघता सगळ्यात लांब तुकडा बघा. 90 सेंटीमॉर्गन जर 35, 30 आणि 25 अशा तीन तुकड्यांत असतील तर नातं शोधण्याजोगं. तेच 8-9 च्या दहा तुकड्यांत विखुरलेले असतील तर ती जातीची सामाईक पुंजी आहे, सोडून द्या. 7 सेंटीमॉर्गनखालचा तुकडा तर धरूच नये.

शिवाय जुळवणी होते ती ज्यांनी आधी चाचणी केली त्यांच्याशीच. या कंपन्यांचे बहुतेक गिऱ्हाईक अमेरिका-युरोपातले, त्यामुळे सातारा जिल्ह्यातली तुमची खरी भाऊकी त्या यादीत नसते. न्यू जर्सीला स्थायिक झालेला कोणी मराठी माणूस मात्र असतो, आणि तो निरोपाला उत्तर देईलच असं नाही. तुमचा वंश कुठल्या प्रदेशातला किती टक्के, हे दाखवणारं रंगीत वर्तुळ करमणूक म्हणून बघावं. कंपनीने तुलनेच्या नमुन्यांचा साठा बदलला की टक्के बदलतात, लाळ तीच असते. या अहवालावर जात ठरत नाही, जातीचा दाखलाही मिळत नाही. नमुना कोणी, कुणाचा घेतला याला साक्ष नसल्याने वारसाच्या दाव्यातही त्यावर भिस्त ठेवू नये.

वाय गुणसूत्राची चाचणी मात्र खरोखर कामाची आहे, प्रश्न नेमका असेल तर. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. एकाच आडनावाची दोन घरं, एक रावपुऱ्यातलं आणि एक मूळ गावी राहिलेलं, खरंच एका पुरुषाची का? दोघांचे मुख्य गट, म्हणजे वाय गुणसूत्रावरून ठरणाऱ्या पुरुषवंशाच्या शाखा, वेगळे निघाले, एकाचा आर1ए आणि दुसऱ्याचा एच, तर पुरुषपरंपरा एक नाही, विषय संपला. ‘नाही’ ही चाचणी ठामपणे सांगते. ‘हो’ मात्र मोघम: गुणसूत्रावरच्या तपासलेल्या 37 पैकी 37 खुणा जुळल्या तरी सामाईक पुरुष चौथ्या पिढीत की दहाव्या, ते कळत नाही. याहून बारीक तपासणी 37 खुणांच्या चाचणीपेक्षा बरीच महाग पडते, आणि दोन्ही घरांची धरून खर्च दुप्पट.

आणि दत्तक? लोकांना वाटतं डीएनए ते उघडं पाडेल. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या पत्नी जमनाबाईंनी 1875 साली नाशिककडच्या कवळाणे गावचा मुलगा दत्तक घेतला, तेच तिसरे सयाजीराव. मुलगा गायकवाडांच्याच एका शाखेतला. भाऊकीतून घेतलेल्या अशा दत्तकात पुरुषपरंपरा तीच राहते, म्हणजे वाय चाचणीला वेगळं काही दिसायचंच नाही. कागद तारखेसकट सांगतो. वतनदार-सरदार घरांत दत्तकाला सरकारची मंजुरी लागायची, नजराणा भरावा लागायचा, म्हणून नोंद राहिली. मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल तर मात्र वाय तुटतं आणि चाचणी बोलते.

आता वही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. आडनाव, मूळ गाव, आणि नाशिकला गेलेल्या एखाद्या तरी पूर्वजाचं बापाच्या नावासकट नाव, एवढं हातात हवं. गावावरून आधी तुमचे उपाध्याय कोणते ते ठरतं, मग वही निघते. आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावं आणि मिती लिहिलेली असते, जुनी पानं मोडीत. फोटो काढायचा तर आधी विचारा, दक्षिणा द्या, आणि आपली आजची नोंद करूनच उठा. बडोदेकर अस्थी घेऊन नर्मदेकाठच्या चांदोदलाही जातात. तिथल्या उपाध्यायांकडेही चौकशी करावी.

शहरातलं गायकवाडी दफ्तर कोठीजवळच्या पुराभिलेख कार्यालयात आहे. दफ्तर घराण्यावार लावलेलं नसतं, खातेवार आणि सालवार असतं. ‘आमच्या आडनावाचे कागद दाखवा’ म्हणून उपयोग नाही. पूर्वज पागेत होता, शिलेदार होता की मुलकी खात्यात, हे आधी काढा. मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, त्यामुळे दोन महिन्यांचा वर्ग केलेल्यानेही नावांची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. सालात तर हमखास गफलत होते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: सुहूर सन (मराठी दफ्तरातली अरबी आकड्यांची कालगणना) 1161. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे पानिपतची संक्रांत त्याच सालात, 1761. गुजराती कागदावरचं संवत कार्तिकात बदलतं, तिथे दिवाळीनंतर वर्षअखेरपर्यंत 57 वजा, एरवी 56.

बायकांची नावं ही कागदाची पडकी बाजू. लग्नात नाव बदललं की माहेरचा माग संपतो. इथे बडोद्याचा एक फायदा आहे: 1906 पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही. पणजी राज्यातच वाढली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरात ती माहेरच्या नावाने सापडू शकते. मूळ गाव महाराष्ट्रात असेल तर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं पुस्तक (गाव नमुना 14), बघा. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी अशी पानं आपापल्या संकेतस्थळांवर चढवली आहेत.

कागद खोटंही बोलतो. वतनाच्या भांडणात दाखल केलेल्या वंशावळीतून विरुद्ध पक्षाची अख्खी शाखा गायब असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या वंशावळी समोरासमोर ठेवाव्यात. नातवाला आज्याचं नाव द्यायची रीत असल्याने ‘राणोजी बिन जोत्याजी’, म्हणजे जोत्याजीचा मुलगा राणोजी, दोन पिढ्यांआड पुन्हा येतो आणि नकलकार दोघांचा एक करून टाकतो. पिढीला 25 ते 30 वर्षं धरा. 1760 ते 1900 मध्ये तीनच नावं असतील तर एक-दोन माणसं गळालीच आहेत.

एवढं सगळं करून एखादी गाठ अडली, आणि तपासायला दोन्ही बाजूंची जिवंत माणसं तयार असली, तर किट मागवा. त्या माणसांना आधी स्पष्ट सांगा की बाप वेगळा निघण्याचीही शक्यता असते, आणि ते ऐकून कोणी नको म्हणालं तर आग्रह धरू नका. ट्वेंटीथ्री अँड मी या बड्या कंपनीकडची सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती 2023 मध्ये फुटली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून निकाल आला की कच्ची फाइल उतरवून घ्या, ती जीईडीमॅचवर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एकमेकांशी जुळवणारं संकेतस्थळ) चढवायची की नाही ते घरच्यांना विचारून ठरवा, आणि लॅबला उरलेला नमुना नष्ट करायला लेखी कळवा.