पहिलं ग्रीक ब्राँझ नाणं: फिलिपचं घ्यावं की टॉलेमीचं?

ग्रीक नाणी म्हटलं की सगळे अथेन्सच्या घुबड छापलेल्या नाण्यावर अडकतात, पण ते चांदीचं, किंमत ऐकूनच गार व्हायला होतं. सुरुवात ब्राँझनेच करा. त्यात नवख्याला सहज मिळतात ती दोन, मॅसेडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचं आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक घराण्यातल्या राजांचं.

फिलिपचं (इ.स.पू. ३५९-३३६) छोटुकलं आहे, साधारण १७-१८ मिमी, ६-७ ग्रॅम. एका बाजूला केसांना फीत बांधलेला अपोलो देव, दुसरीकडे घोडेस्वार पोरगा आणि फिलिपचं नाव. आता हा घोडा उगाच नाही बरं का, इ.स.पू. ३५६ ला फिलिपचा घोडा ऑलिम्पिकमध्ये जिंकला, आणि प्लूटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो की ती बातमी, सेनापतीने लढाई मारल्याची बातमी आणि मुलगा झाल्याची बातमी अशा तिन्ही एकदमच आल्या, मुलगा म्हणजे अलेक्झांडर! शिवाय ऑलिम्पिकमध्ये फक्त ग्रीकांना प्रवेश, आणि डेमोस्थेनिससारखे अथेन्सवाले फिलिपला ग्रीक मानायलाच तयार नव्हते, म्हणजे घोडा छापून त्यांना टोलाही हाणून झाला. एकच गोची, ही नाणी फिलिप मेल्यावरही पाडली जात होती, त्यामुळे विकणारा "फिलिपच्या हयातीतलं" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर पुरावा मागा.

टॉलेमीचं मोठं नाणं मात्र अक्षरशः पेपरवेट आहे, सगळ्यात मोठी ४५ मिमीच्या वर आणि ९० ग्रॅमच्या आसपास जातात. पुढे मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस-अमोन (ग्रीक झ्यूस आणि इजिप्तचा अमोन यांचा मिळून एक देव), मागच्या बाजूला वज्रावर बसलेला गरुड, आणि बऱ्याच नाण्यांवर मधोमध खळगा. इजिप्तमध्ये चांदी बाहेरून आणावी लागायची, म्हणून दुसऱ्या टॉलेमीपासून ही जाडजूड ब्राँझ नाणी काढून रोजचा व्यवहार हळूहळू त्यांच्यावर ढकलला. हातात धरायला मजा येते, पण ओळख पटवताना डोकं फिरतं कारण राजे सगळे टॉलेमीच, आणि नाण्यावरही नुसतंच "टॉलेमी राजाचं", कितवा ते नाहीच. मग वजन, व्यास, गरुडाच्या पायांमधलं अक्षर बघत बसा. क्लिओपात्राचा चेहरा असलेलं हवं असेल तर त्याचं बजेटच वेगळं.

माझं मत विचाराल तर पहिलं फिलिपचं घ्या, वाचता येतं आणि गोष्ट पूर्ण कळते. टॉलेमी दुसरं. (सिसिलीतल्या सिरॅक्यूज या ग्रीक शहराचा राजा दुसरा हिएरॉन, त्याचं समुद्रदेव पोसायडन आणि त्रिशूळवालंही छान, आर्किमिडीजच्या काळातलं.)

भारतात असाल तर मिनँडर या इंडो-ग्रीक राजाची चौकोनी, ग्रीक आणि खरोष्ठी अशा दोन लिप्यांतली ब्राँझ नाणीही बघा, फक्त १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत हे ध्यानात ठेवा. आणि कुठलंही घ्या, फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर नको, तो ब्राँझचा रोग, नाणं आतून खातो. गडद, घट्ट बसलेला हिरवा थर मात्र चांगला, तो चिंच लावून घासू नका प्लीज.