हेड मोठं की कॅबिनेट मोठं? बेस अ‍ॅम्प घेण्याआधीचा हिशोब

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, ३०० च्या हेडला ५०० चं कॅबिनेट लावू, की ५०० च्या हेडला ३०० चं?" हेड म्हणजे बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा खोका, आणि आकडे वॅटचे. दोन्ही जोड्या चालतात आणि दोन्ही जळूही शकतात. पण त्याआधी ओहमचा हिशोब करावा लागतो, आणि नेमका तोच कुणी करत नाही. ओहम म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा विरोध; तो जितका कमी, तितका हेडवरचा लोड जड.

हेडच्या मागं ५०० वॅट लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ४ ओहम असतं. म्हणजे पूर्ण ५०० फक्त ४ ओहमच्या लोडवर. त्याच हेडला ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर साधारण २५० ते ३०० वॅटच निघतात. म्हणून "५०० चं हेड ३०० च्या कॅबिनेटला फाडणार" ही भीती कॅबिनेट ८ ओहमचं असेल तर बरीचशी फुकाची आहे. उलट धोका दुसरीकडं आहे. ८ ची दोन कॅबिनेट जोडली की लोड ४ होतो, ४ ची दोन जोडली की २. बहुतेक हेडवर किमान ४ ओहम असं स्पष्ट लिहिलेलं असतं. २ वर ते तापतं, बंद पडतं, नाहीतर आतला आउटपुटचा भाग उडतो. एक ४ चं आणि एक ८ चं अशी जोडी तर करूच नका. लोड २.६७ होतो आणि दोन तृतीयांश पॉवर ४ ओहमवालं एकटं खातं.

कॅबिनेटवरचा आकडाही नीट वाचा. आरएमएस, म्हणजे सतत सोसता येणारी पॉवर, २०० असेल तर प्रोग्रॅम ४०० आणि पीक ८०० असं छापायची पद्धत आहे. दुकानात मोठा आकडा पुढं करतात. हेडशी तुलना करायची ती आरएमएसचीच.

आता पहिली जोडी, ३०० चं हेड आणि ५०० चं कॅबिनेट. कॉईलच्या, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याच्या दृष्टीनं ही निवांत जोडी. अडचण उघड्या मांडवात येते. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन की-बोर्ड, आणि बेस ऐकू येईना म्हणून मास्टर चढवला की क्लिपची लाल लाईट पेटूनच राहते. क्लिप म्हणजे हेडची ताकद संपून सिग्नलची टोकं कापली जाणं. "कमी पॉवरनं स्पीकर जळतो" असं आपल्याकडं ठासून सांगतात. त्यात अर्धंच खरं आहे. स्पीकर जाळते ती उष्णता. पूर्ण क्लिप झालेल्या सिग्नलमध्ये स्वच्छ सिग्नलच्या दुपटीपर्यंत सरासरी पॉवर असू शकते, म्हणून २०० च्या कॅबिनेटला क्लिप होणारं २०० चं हेड मारू शकतं. ५०० चं कॅबिनेट मात्र प्रत्यक्ष वाजवताना ते बहुतेक सोसतं. आवाज खराब होईल, कॅबिनेट वाचेल.

दुसरी जोडी, ५०० चं हेड आणि ४ ओहमचं ३०० चं कॅबिनेट. बोटानं तार मारली की तो पहिला ठोका स्वच्छ, गुबगुबीत येतो, कारण हेडकडं शिल्लक ताकद असते. मला स्वतःला हाच आवाज आवडतो. पण नॉबवर हात तुमचाच हवा. खानापूरकडच्या एका गावात उसनं आणलेलं मोठं हेड मी माझ्या २०० च्या कॅबिनेटला लावलं होतं. जेवायला उतरलो तेवढ्यात दुसऱ्यानं दोन गाणी वाजवली, बेसचा नॉब पूर्ण उजवीकडं. परत आलो तेव्हा आतून फट् फट् आवाज येत होता आणि जळक्या वार्निशचा वास सुटला होता. घरी उघडून बघितलं तर कॉईल काळी पडून एका बाजूला फुगलेली. रीकोनिंग, म्हणजे कॉईल आणि कोन नवे बसवणं, होईपर्यंत सीझन संपला.

त्यात वॅटइतकाच दोष त्या नॉबचा होता. चार तारांच्या बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झवर असते, पाच तारांची बी ३१ वर. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) कॅबिनेटमध्ये सूर पोर्टच्या ट्यूनिंगखाली गेला की कोनला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. तिथं आरएमएसच्या आत असतानाही कोन फाटू शकतो. हाय-पास फिल्टर (ठराविक हर्ट्झखालचा आवाज कापणारा) असेल तर ३०-३५ हर्ट्झला चालू ठेवा, पाच तारांच्या बेसला तर नक्कीच.

आणि पॉवर दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डीबीनं वाढतो. ९७ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (एक वॅटला एक मीटरवर किती आवाज, तो आकडा) कॅबिनेटला ६०० वॅट देऊन जेवढं मिळतं, तेवढं १०० डीबीचं कॅबिनेट ३०० वर देतं. त्याच हेडला तसंच दुसरं कॅबिनेट जोडलं तर खालच्या सुरात ५-६ डीबीपर्यंत फरक पडतो. म्हणून पैसे हेडपेक्षा कॅबिनेटवर घाला.

चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन सेकंडहँड आणणार असाल तर खिशात मल्टिमीटर ठेवा. ८ ओहमचं कॅबिनेट मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतं, ४ चं तीन ते साडेतीन. लेबल ८ म्हणतंय आणि मीटर ३ दाखवतोय, तर आतला स्पीकर किंवा वायरिंग बदललंय. मग जाळी काढून दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच दाबा. खरखर लागली तर कॉईल घासतेय. तिथंच सोडून या. वायर स्पीकरचीच घ्या, गिटारची बारीक वायर तापते. हेड ट्यूबचं (काचेच्या व्हॉल्व्हचं) असेल तर कॅबिनेट जोडल्याशिवाय चालू करू नका आणि ओहमचा स्विच जुळवून ठेवा.

माझं मत: मंडळांचे, ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम करणाऱ्यानं ५०० चं हेड आणि ८ ओहमचं ४०० चं एकच कॅबिनेट आज घ्यावं, पुढच्या वर्षी त्याच मॉडेलचं दुसरं. तेव्हा लोड ४, सोसायची ताकद ८००, हेड ५००. चर्चमध्ये किंवा घरी सरावाला वाजवणाऱ्याला ३०० चं हेड आणि ४ ओहमचं ५०० चं कॅबिनेट पुरतं. मोठं हेड आणि लहान कॅबिनेट ही जोडी फक्त अशानं घ्यावी जो आपलं हेड कुणाला हात लावू देत नाही, आणि तिथंही हेड शक्यतो कॅबिनेटच्या आरएमएसच्या दीडपटीवर नको; ३०० ला ५०० हे त्याच्या थोडं वरच जातं.

माझ्या हेडच्या मागं पांढऱ्या टेपवर "४ ओहमच्या खाली नाही" असं मराठीत आणि कानडीत लिहून ठेवलंय. टेंपोतनं सामान उतरवून वायरी जोडणारी पोरं दोन्हीकडची असतात.